कीवर्ड सर्च काढून टाकण्याआधी तो नेमका कुठे अडतोय ते पाहा

तुमचा प्रश्न मी असा समजले. संस्थेकडे परिपत्रकं, बैठकांची इतिवृत्तं, अहवाल आणि नियमावल्या मिळून दीड लाखाच्या आसपास दस्तऐवज आहेत. काही मराठीत, काही इंग्रजीत, काही थेट टंकलेले, बरेचसे स्कॅन केलेले. सध्याच्या सर्चमध्ये हवं ते सापडत नाही अशी सगळ्यांची तक्रार आहे. व्हेंडरचं म्हणणं असं की कीवर्ड सर्चचा (टाकलेले शब्दच दस्तऐवजात शोधण्याचा) काळ संपला, तो काढून टाका, व्हेक्टर डेटाबेस (मजकुराचा अर्थ आकड्यांत मांडून जवळचा अर्थ शोधणारी प्रणाली) घ्या आणि त्यावर चॅटबॉट बसवा. असं करावं का, हे तुम्हाला हवंय.

कीवर्ड सर्च काढू नका. व्हेक्टर सर्च त्याच्या जोडीला जरूर घ्या, तुमच्यासारख्या दोन भाषांच्या संग्रहात त्याचा बहुधा चांगला उपयोग होईल. मात्र एवढ्यावर खरेदी करून मोकळे झालात तर वर्षभरानं तीच तक्रार पुन्हा ऐकाल, अशी मला काळजी वाटते. कारण तक्रार नेमकी कशाची आहे हे अजून कुणी तपासलेलं दिसत नाही.

‘सापडत नाही’ या दोन शब्दांमागे बरेच वेगवेगळे बिघाड असू शकतात. दस्तऐवज संग्रहात मुळातच नसेल. असेल, पण स्कॅनमधला मजकूर इंडेक्सपर्यंत, म्हणजे सर्च ज्या सूचीत शोधतो तिथपर्यंत, पोहोचलाच नसेल. मजकूर पोहोचला असेल, पण शोधणाऱ्यानं टाकलेले शब्द आणि दस्तऐवजातले शब्द वेगळे असतील. शब्द जुळत असतील, पण हवा तो दस्तऐवज निकालांत साठाव्या क्रमांकावर असेल. किंवा वरच सापडत असेल, पण तो रद्द झालेला जुना नियम असेल आणि त्याच्या जागी आलेला नवा कुठेच दिसत नसेल. व्हेक्टर सर्च यातल्या तिसऱ्या बिघाडावर खरं काम करतो, चौथ्यावर थोडंफार. पहिला, दुसरा आणि पाचवा आहेत तिथेच राहतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. सगळ्यात महत्त्वाची म्हणजे शोधतं कोण. आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये वेबवरच्या सर्चची एक साधी विभागणी मांडली होती: काही लोकांना ठरावीक ठिकाणी पोहोचायचं असतं, काहींना एखाद्या विषयाची माहिती हवी असते, काहींना एखादं काम उरकायचं असतं. संस्थेच्या संग्रहात पहिला गट बाहेरच्या माणसाला वाटतं त्याहून खूप मोठा असतो. जुन्या कर्मचाऱ्याला परिपत्रकाचा क्रमांक किंवा निदान वर्ष आणि विषय आठवत असतो, त्याला फक्त तो कागद हवा असतो. नव्यानं रुजू झालेली व्यक्ती मात्र तिची अडचण लिहिते: ‘परीक्षेसाठी सुट्टी मिळते का’. या दोघांना एकच यंत्र सारखंच चांगलं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका. तुमच्याकडे कोण जास्त आहे, यावर अर्धा निर्णय ठरेल.

म्हणून माझी सुरुवात नेहमी सर्चच्या लॉगपासून, म्हणजे प्रत्येक शोधाच्या आपोआप होणाऱ्या नोंदींपासून होते. लोकांनी काय टाकलं, किती निकाल आले, त्यांनी कशावर क्लिक केलं, आणि पाठोपाठ शब्द बदलून पुन्हा काय टाकलं. ही शेवटची गोष्ट फार बोलकी असते. कुणी आधी ‘प्रवास भत्ता’ टाकलं, मग ‘टीए’, मग ‘टीए बिल फॉर्म’ टाकलं आणि शेवटी एक कागद उघडला, तर त्या माणसानं तुम्हाला एक समानार्थी शब्दांची नोंद आणि एक तयार चाचणी अशा दोन गोष्टी आयत्याच दिल्या. शून्य निकाल आलेल्या क्वेरी (सर्च बॉक्समध्ये टाकलेले शब्द किंवा प्रश्न) वेगळ्या काढा आणि काही शे तरी डोळ्यांनी वाचा. आकडेवारीचा तक्ता बनवून ते कळत नाही, वाचावंच लागतं. लॉग ठेवले जात नसतील तर आजच सुरू करा, मात्र शोधणाऱ्याचं नाव त्यात साठवू नका. आपलं नाव नोंदलं जातंय हे कळलं की लोक खरे प्रश्न टाकणं बंद करतात.

लॉगमधून पन्नास ते शंभर खऱ्या क्वेरी निवडा आणि प्रत्येकीसाठी बरोबर दस्तऐवज कोणते हे त्या विषयातल्या माणसांकडून ठरवून घ्या. ही पद्धत जुनी आहे. सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या क्रॅनफील्ड इथे हवाई तंत्रज्ञानावरचे १,४०० दस्तऐवज, दोनशेहून अधिक प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाची तपासलेली उत्तरं असा संच तयार केला आणि अनुक्रमणिका करण्याच्या वेगवेगळ्या पद्धती त्यावर लावून पाहिल्या. त्या काळच्या तज्ज्ञांचा भरवसा काळजीपूर्वक बांधलेल्या नियंत्रित शब्दसूचींवर, म्हणजे आधीच ठरवून दिलेल्या शब्दांच्या याद्यांवर होता. दस्तऐवजातले साधे सुटे शब्द त्यांच्यापेक्षा सरस ठरले, आणि हे स्वतः क्लेव्हरडन यांनाही अनपेक्षित होतं. १९९२ पासून अमेरिकेची मानकसंस्था एनआयएसटी ‘ट्रेक’ नावानं ज्या चाचण्या घेते, त्यांचा सांगाडा हाच आहे. भारतात २००८ पासून ‘फायर’ या उपक्रमात मराठी, हिंदी आणि बांगलासाठी असे संच तयार झाले. तुमचा संच लहान असेल, पण तुमच्या खरेदीपुरता तोच निर्णायक. कुठल्याही व्हेंडरच्या सादरीकरणापेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवीन.

आता मजकुराकडे. तुम्ही ‘बरेचसे स्कॅन केलेले’ असं लिहिलंय, आणि मला मुख्य संशय तिथेच आहे. सापडायला हवे होते पण सापडले नाहीत असे वीसेक दस्तऐवज घ्या आणि यंत्रानं त्यांतून काढलेला कच्चा मजकूर उघडून वाचा. पीडीएफ पडद्यावर कशी दिसते ते पाहू नका, आत काय आहे ते पाहा. काहींमध्ये मजकूरच नसेल, नुसतं चित्र असेल. काहींमध्ये ओसीआरनं (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीनं) जोडाक्षरांचा चुराडा केलेला असेल. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या एकसमान अक्षर-संकेतपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फायलींची तऱ्हा आणखी वेगळी: पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं आणि आत रोमन अक्षरं व चिन्हांची निरर्थक माळ असते. अशी माळ व्हेक्टर मॉडेलला (मजकुराचे आकडे बनवणाऱ्या प्रणालीला) दिली तर तेही तिचा व्हेक्टर, म्हणजे आकड्यांची रांग, बनवून देतं, कुठलीही तक्रार न करता. नंतर तो दस्तऐवज कुठल्याच शोधात सापडत नाही आणि कारण कुणाला समजत नाही.

स्वच्छ युनिकोडमध्येही एक खाचखळगा आहे. ‘कर्मचाऱ्यांना’ या शब्दातला ऱ्य घ्या. तो ऱ या स्वतंत्र अक्षराला हलंत लावून टंकता येतो, किंवा साध्या र ला हलंत आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह लावूनही. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं प्रमाणित सामान्यीकरण (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या रीती एका रूपात आणणं) यातले काही भेद मिटवतं, हा भेद मिटवत नाही. तो नियम आपणच लिहावा लागतो. मराठी आणि इंग्रजी आकड्यांचंही तसंच. परिपत्रकावर एका लिपीतला क्रमांक आणि सर्च बॉक्समध्ये दुसऱ्या लिपीतला, एवढ्यावरून शोध रिकामा परततो. इंडेक्स करताना आणि क्वेरी घेताना, दोन्ही वेळा मजकूर एकाच रूपात आणणं हे एका विकसकाचं थोड्या दिवसांचं काम आहे. असं काम केल्यावर शून्य निकालांची यादी झपकन आक्रसलेली मी पाहिली आहे. व्हेंडरच्या प्रस्तावात या कामाचा उल्लेख आहे का, तेवढं तपासा.

कीवर्ड सर्च कालबाह्य आहे असं म्हणणाऱ्यांनी त्याच्या पोटात काय आहे हे क्वचितच पाहिलेलं असतं. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत शब्दापुढे पानांचे क्रमांक असतात, तशी इथे प्रत्येक शब्दापुढे तो ज्यात आला त्या दस्तऐवजांची यादी असते. शोध जलद होतो तो या उलट्या इंडेक्समुळे. पण खरी बुद्धी आहे ती क्रम लावण्यात. करेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये दाखवलं की जो शब्द थोड्याच दस्तऐवजांत येतो, तो जुळला तर त्याला जास्त वजन द्यायला हवं. तुमच्या संग्रहात ‘परिपत्रक’ हा शब्द जवळपास सगळीकडे असेल, त्याच्या जुळण्यानं काहीच कळत नाही. ‘पितृत्व’ मोजक्या ठिकाणी असेल, त्याच्या जुळण्यानं जवळजवळ सगळं कळतं. स्टीफन रॉबर्टसन आणि लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीतले त्यांचे सहकारी यांनी यावर बांधलेलं बीएम२५ हे सूत्र १९९४ च्या ट्रेकमध्ये पुढे आलं. त्यात आणखी दोन शहाणपणाच्या गोष्टी आहेत: एखादा शब्द दहा वेळा आला म्हणून दस्तऐवज दहापट उपयोगी धरायचा नाही, आणि नुसत्या लांबीमुळे एखाद्या दस्तऐवजाला फायदा मिळू द्यायचा नाही. ल्युसीन हे सर्चचं सॉफ्टवेअर आणि त्यावर चालणारी इलास्टिकसर्च ही प्रणाली यांत २०१६ पासून हेच सूत्र आपोआप लागू असतं. तुमचा सध्याचा सर्च खरंच बीएम२५ वर चालतो का, हेही विचारून घ्या. बऱ्याच जुन्या प्रणालींत ‘सर्च’ म्हणजे डेटाबेसमधल्या शीर्षकाच्या रकान्यात केलेली अक्षरांची जुळणी असते आणि निकाल तारखेनुसार लावलेले असतात. तसं असेल तर तुमच्याकडे कीवर्ड सर्च अजून आलेलाच नाही, मग तो कालबाह्य कसा होईल?

मराठीपुरती एक मोठी अडचण मात्र खरी आहे: विभक्ती आणि सामान्यरूप. शोधणारा ‘रजा’ टाकतो, कागदात ‘रजेचा’, ‘रजेवर’, ‘रजांबाबत’ असतं. इंग्रजीसाठी मार्टिन पोर्टर यांचा शब्दाच्या शेपट्या कापणारा अल्गोरिदम १९८० पासून वापरात आहे. मराठीत नुसतं कापून भागत नाही, कारण प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं अंगच बदलतं. ‘रजा’चं ‘रजे’ होतं, ‘बदली’चं ‘बदल्यां’ होतं. ‘रज’ने सुरू होणारं सगळं आणा म्हटलं तर ‘रजिस्टर’ही येतं. आणि फार जोरात कापलं तर ‘बदली’ आणि ‘बदल’ एकच होतात. मग बदलीचं धोरण शोधणाऱ्याला ‘वेळेत बदल’, ‘पत्त्यात बदल’ असे कागद दिसू लागतात. माझा अनुभव असा की प्रत्यय हलक्या हातानं काढावेत, सामान्यरूपाचे नेहमीचे नियम लावावेत, आणि मूळ शब्द व कापलेला शब्द दोन्ही इंडेक्समध्ये ठेवून मूळ रूपाच्या जुळणीला जास्त वजन द्यावं. कार्यालयीन भाषेचा शब्दसंग्रह मर्यादित असतो. त्यातल्या सर्वाधिक शोधल्या जाणाऱ्या काही शे शब्दांची रूपं हातानं तपासली तरी फरक दिसतो.

हे सगळं केल्यावरही जी दरी उरते, तिथे व्हेक्टर सर्चचं खरं काम सुरू होतं.

दस्तऐवजाला आकड्यांच्या रांगेत मांडून दोन रांगांमधली जवळीक मोजायची, ही कल्पना नवी नाही. जेरार्ड सॉल्टन आणि सहकाऱ्यांनी कॉर्नेलमध्ये ती १९७५ मध्येच मांडली. त्यांच्या मांडणीत प्रत्येक शब्दाला स्वतःचा रकाना होता, त्यामुळे ‘सुट्टी’ आणि ‘रजा’ एकमेकांना अनोळखीच राहायचे. गेल्या दशकभरात बदललं ते हे की हे आकडे आता प्रचंड मजकूर वाचून शिकले जातात. २०१३ मध्ये वर्डटूव्हेक या पद्धतीनं शब्दांसाठी हे सोपं आणि जलद करून दाखवलं. २०१८ मध्ये आलेलं गूगलचं बर्ट हे भाषेचं मॉडेल शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यावरून ठरवू लागलं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलनं ते सर्चमध्ये आणलं आणि सांगितलं की अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी साधारण दहात एका शोधावर त्याचा परिणाम होईल. त्यांनी दिलेलं उदाहरण समजून घेण्यासारखं आहे. ब्राझीलमधून अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशाला व्हिसा लागतो का, असं विचारल्यावर आधी अमेरिकेतून ब्राझीलला जाणाऱ्यांची पानं यायची. शब्द तेच, दिशा उलटी. ती दिशा एका छोट्या शब्दयोगी शब्दात होती, आणि असे छोटे शब्द सर्च पूर्वी जवळजवळ सोडूनच देत असे.

तुमच्यासाठी सगळ्यात मोठा लाभ दोन भाषांचा असेल. अनेक भाषांवर शिकवलेलं चांगलं मॉडेल असेल तर मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजी परिपत्रकही सापडतं, हे कीवर्ड सर्चला शब्दसूचीशिवाय जमत नाही. मात्र मॉडेल मराठीवर तपासून घ्या, इंग्रजीतल्या गुणांवरून निवडू नका. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. अशा मॉडेलांना एका वेळी ठरावीक लांबीचाच मजकूर घेता येतो, बर्टच्या घराण्यात बहुधा ५१२ टोकन (मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे करतं ते). देवनागरी शब्दाची इंग्रजी शब्दापेक्षा जास्त टोकन होतात, म्हणून तेवढ्याच मजकुराला मराठीत मर्यादा लवकर गाठली जाते. पुढचा भाग बऱ्याचदा गुपचूप कापला जातो. परिपत्रकाचा खरा आदेश शेवटच्या परिच्छेदात असतो, आणि कापला जातो तो तोच.

त्यामुळे दस्तऐवजाचे तुकडे करावे लागतात, आणि ते कसे केले यावर गुणवत्तेचा मोठा भाग ठरतो. बैठकीच्या इतिवृत्तात पंधरा विषय असतील तर सगळ्याचा मिळून एक व्हेक्टर कुठल्याच विषयाचा नीट राहत नाही. विषयवार तुकडे करा. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर दस्तऐवजाचं शीर्षक, विभाग आणि तारीख जोडा. नाहीतर ‘वरील प्रस्तावास मान्यता देण्यात आली’ हे वाक्य एकटंच तरंगत राहतं, आणि कुठला प्रस्ताव ते मॉडेलला कळायला मार्ग नसतो.

व्हेक्टर सर्चच्या मर्यादा मी जरा स्पष्टच सांगते, कारण विक्रीच्या वेळी त्या झाकल्या जातात. क्रमांक, फाइल नंबर, आडनावं, कलमं यांत तो कच्चा असतो. परिपत्रक ४५१ आणि परिपत्रक ४१५ त्याला जवळजवळ सारखेच वाटतात. नकारही त्याला नीट पेलत नाही: ‘रजा मंजूर’ आणि ‘रजा नामंजूर’ शेजारी शेजारी बसतात, कारण दोन्ही वाक्यांचा विषय एकच आहे. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे तो रिकाम्या हातानं कधीच परत येत नाही. ‘सर्वांत जवळचे दहा’ मागितले की दहा मिळतात, संग्रहात त्या विषयावर ओळही नसली तरी. कीवर्ड सर्च गेला आणि व्हेक्टर आला की शून्य निकालांचा अहवाल दुसऱ्याच दिवशी रिकामा होतो. ते यश म्हणून दाखवलं जाईल. प्रत्यक्षात तुमच्या हातातलं एक चांगलं धोक्याचं चिन्ह तेवढं नाहीसं झालेलं असतं.

हे माझं एकटीचं मत नाही. २०२१ मध्ये ‘बेअर’ नावाचा एक चाचणीसंच प्रसिद्ध झाला, वेगवेगळ्या क्षेत्रांतले १८ डेटासंच एकत्र करून. ज्या क्षेत्रावर शिकवलं त्याच्या बाहेर नेल्यावर त्या वेळची अनेक व्हेक्टर मॉडेलं साध्या बीएम२५ च्याही मागे पडली. त्यानंतर मॉडेलं बरीच सुधारली आहेत. तरी तुमचे कागद ही अशीच बाहेरची जमीन आहे, त्यांची भाषा कुठल्याही मॉडेलनं फारशी वाचलेली नाही.

मग दोन्ही एकत्र कसे चालवायचे? दोन्ही सर्च स्वतंत्र चालवा आणि निकालांच्या याद्या विणा. कॉर्मॅक, क्लार्क आणि ब्यूचर यांनी २००९ मध्ये सुचवलेली रीत सोपी आहे: प्रत्येक यादीतल्या क्रमांकात ६० मिळवा, १ ला त्यानं भागा आणि दोन्ही याद्यांचे गुण जोडा. दोन सर्चचे गुण वेगळ्या मापांत असतात ही अडचण त्यामुळे उरतच नाही. पण तुमच्यासारख्या संग्रहात या रीतीचा एक तोटा आहे आणि तो हिशेब करून पाहिल्यावरच दिसतो. एखादं परिपत्रक क्रमांकाच्या तंतोतंत जुळणीमुळे कीवर्डच्या यादीत पहिलं आलं आणि व्हेक्टरच्या यादीत आलंच नाही, तर त्याला १/६१, म्हणजे सुमारे ०.०१६ गुण मिळतात. दोन्ही याद्यांत पाचव्या जागी असलेल्या दुसऱ्याच कागदाला २/६५, म्हणजे सुमारे ०.०३१ मिळतात आणि तो वर चढतो. ज्याला क्रमांक पाठ होता त्याच माणसाची गैरसोय झाली. म्हणून क्रमांक, तारीख किंवा फाइल नंबरच्या साच्यात बसणारी क्वेरी आधीच ओळखा आणि थेट कीवर्ड सर्चकडे पाठवा, विणकामात आणूच नका. उरलेल्या क्वेरींसाठी वरचे पन्नास-शंभर निकाल घेऊन, प्रश्न आणि तुकडा एकत्र वाचणाऱ्या मॉडेलकडून पुन्हा क्रम लावून घेतला तर दर्जा आणखी सुधारतो. ते मॉडेल सावकाश चालतं, म्हणून ते शेवटी, थोड्याच निकालांवर वापरायचं.

वेगळा व्हेक्टर डेटाबेस खरंच लागेल का? दीड लाख दस्तऐवज, प्रत्येकी सरासरी दहा तुकडे धरले तर पंधरा लाख व्हेक्टर. प्रत्येकात ७६८ आकडे आणि एका आकड्याला चार बाइट असा हिशेब केला तर साडेचार गिगाबाइटच्या आसपास होतात. एका साध्या सर्व्हरच्या मेमरीत हे मावतं. इलास्टिकसर्चसारख्या प्रणाली कीवर्ड आणि व्हेक्टर दोन्ही सांभाळतात. दोन प्रणाली समांतर ठेवल्या की एकीतून काढलेला कागद दुसरीत शिल्लक राहतो, आणि ही डोकेदुखी वर्षानुवर्षं पुरते.

आतापर्यंतचा क्रम एकदा धरून ठेवू: लॉग वाचा, चाचणीचा संच करा, मजकूर दुरुस्त करा, कीवर्ड सर्च मराठीला साजेसा करा, मग व्हेक्टर जोडा. चॅटबॉट याच्यानंतर, आणि त्याआधी एक अट.

ती अट दस्तऐवजाच्या वैधतेची. २०११ चा नियम २०१७ मध्ये बदलला असेल तर दोन्ही कागदांची भाषा जवळजवळ सारखीच असते, कीवर्ड आणि व्हेक्टर दोघांनाही ते तितकेच बरोबर वाटतात. कुठला चालू आणि कुठला रद्द, हे त्या मजकुरात बहुधा लिहिलेलंच नसतं. ‘संदर्भाधीन परिपत्रक अधिक्रमित करण्यात येत आहे’ अशी ओळ नव्या कागदात असते, जुन्याला त्याचा पत्ता नसतो. या ओळी शोधून, कोणत्या कागदानं कोणता रद्द केला याची नोंद करणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं काम आहे असं मला मनापासून वाटतं. यासाठी मॉडेलची मदत घ्या, पण मोहोर जाणत्या माणसाची हवी. रद्द कागद लपवू नका, जुन्या प्रकरणांसाठी ते लागतात. त्यांवर ठळक खूण करा आणि चालू कागदाचा दुवा द्या.

चॅटबॉट आधी सापडलेले तुकडे वाचतो आणि मग उत्तर लिहितो. पॅट्रिक लुईस आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या शोधनिबंधानं या रचनेला ‘रॅग’ हे नाव दिलं. शोध चुकला की उत्तरही चुकतं, फक्त आता ते सफाईदार वाक्यांत चुकतं. मे २०२४ मध्ये गूगलनं अमेरिकेत शोधनिकालांच्या वर यंत्रलिखित सारांश दाखवायला सुरुवात केली, तेव्हा चीज घसरू नये म्हणून पिझ्झ्याच्या सॉसमध्ये गोंद मिसळा असा सल्ला एका सारांशात आला होता. त्याचा माग कुणीतरी गमतीनं लिहिलेल्या जुन्या कमेंटपर्यंत लागला. मॉडेलनं ते स्वतः रचलं नव्हतं, हाती आलेला चुकीचा मजकूर प्रामाणिकपणे सांगितला होता. तुमच्याकडे त्या कमेंटच्या जागी २०११ चा रद्द नियम असेल आणि त्याच्या भरवशावर कुणीतरी अर्ज करेल. आणखी तुकडे भरल्यानंही हे टळत नाही. लांबलचक मजकुराच्या मधोमध असलेली माहिती मॉडेलांच्या हातून निसटते, हे २०२३ मधल्या अभ्यासात नीट दिसलं आहे. थोडे आणि नेमके तुकडे द्या. प्रत्येक विधानापुढे मूळ कागदाचा आणि पानाचा दुवा हवा. पुरेसा आधार सापडला नाही तर ‘या संग्रहात उत्तर सापडलं नाही’ असं त्यानं म्हणायला हवं, आणि ते तो खरंच म्हणतो का हे तपासायला चाचणीच्या संचात उत्तर नसलेले काही प्रश्न मुद्दाम घाला.

गोपनीय कागदांबद्दल थोडक्यात. ज्याला जो कागद पाहायची परवानगी नाही, त्याचा तुकडा शोधातच येता कामा नये. आधी मॉडेलला देऊन नंतर उत्तरातून गाळण्याची सोय कुणी सुचवली तर मान्य करू नका. वेगासाठी व्हेक्टर इंडेक्स बऱ्याचदा अंदाजी शोध करतात, आणि गाळणी नंतर लावली तर दहा निकालांतले आठ गळून दोनच उरतात, बरोबर कागद पुढे असूनही. परवानगीची गाळणी शोध चालू असतानाच लागते का, हे थेट विचारा.

व्हेंडरला आता काय सांगायचं? डेमो त्यांच्या प्रश्नांवर होऊ देऊ नका. तुमच्या संचातल्या शंभर क्वेरींपैकी तीस आधी द्या, सत्तर स्वतःजवळ ठेवा. सुधारलेला कीवर्ड सर्च, नुसता व्हेक्टर आणि दोन्ही मिळून, अशा तीन मांडण्या त्या सत्तरांवर चालवायला सांगा. पहिल्या दहा निकालांत बरोबर कागद किती वेळा आला आणि सरासरी कितव्या जागी आला, एवढे दोन आकडे पुरेत. क्रमांकाच्या क्वेरी आणि अडचण सांगणाऱ्या क्वेरी यांचे आकडे वेगळे मागा, एकत्र सरासरीत दोन्हींचं खरं चित्र बुजतं. लॉग सुरू केलेत की महिन्याभरातल्या शून्य निकालांच्या क्वेरी नावं काढून पाठवा. त्यांत मजकुराचा बिघाड किती आणि शब्दांचा किती, हे मी पाहून सांगू शकेन, आणि व्हेक्टरवर किती खर्च करणं योग्य ठरेल हे तेव्हाच ठरवता येईल.